आमच्या बेटाचा हवाई इतिहास

आमच्या बेटावर विमान कधीच उतरलं नाही. उतरणार कुठे? या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागलं तर चहा थंड व्हायच्या आत माणूस पोचतो, एवढंसं ते बेट. तरीही त्याला स्वतःचा हवाई इतिहास आहे आणि तो मी लिहिलेला आहे, आधी कच्चा, मग पक्का. त्यातली एक गोष्ट मी लिहिली नाही. ती एका बाईला सांगायला हवी होती आणि दोन वर्षं मी टाळत राहिले. आता गुडघे गेलेत, नोकरी संपलीय, वसईच्या फ्लॅटमध्ये बसून टँकरची वाट बघण्यापलीकडे उद्योग नाही. म्हणून हे जसं झालं तसं लिहून काढते.

‘आमचं बेट’ म्हणते खरी, पण बेट माझं नव्हे. मी देशावरची. लग्न होऊन वसईत आले तोवर समुद्र कॅलेंडरवर पाहिलेला. नवरा मुंबईत नोकरीला, घर दुसऱ्या मजल्यावर, नळाला पाणी नावापुरतं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी कामाच्या शोधात निघाले आणि बेटावरच्या नव्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर लागले. सकाळी बस, मग रिक्षा, मग बोट. जेट्टी पुढे बऱ्याच वर्षांनी झाली. तोवर शेवटचा टप्पा गुडघाभर पाण्यातून, चपला एका हातात आणि साडीच्या निऱ्या दुसऱ्या हातात. ओल्या काठांनी काउंटरमागे उभं राहायचं आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हसून ‘वेलकम’ म्हणायचं. अशी पंधरा वर्षं काढली. हसून हसून गाल दुखतात हे लोकांना खोटं वाटतं, पण दुखतात.

मालक वसईचेच, केळीच्या वाड्या असलेल्या घरातले. माणूस वाईट नव्हता, हौशी होता, आणि हौशी मालकासारखा नोकराला ताप नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, की आपल्या रिसॉर्टवर पाहुणे हेलिकॉप्टरने यायला पाहिजेत. “बोटीने काय कोणीही येतो, मॅडम,” ते मला म्हणायचे. “वरून आला तो खरा गेस्ट.” स्वतः मात्र ते जन्मात कधी हेलिकॉप्टरमध्ये बसले नाहीत. एकदा पायलटने आग्रह केला तर म्हणाले, मला चक्कर येते. मी तोंडावर पदर धरून आत निघून गेले.

तर त्यांनी पूर्वेच्या किनाऱ्यावर, रिसॉर्टला लागून, सिमेंटचा एक मोठा गोल करून घेतला आणि त्यावर पांढऱ्या रंगात मोठा एच काढला. ती जागा आधी कोळणींची मासळी सुकवायची. मालकांनी पंचायतीची परवानगी घेतली, कागद केले, सगळं रीतसर. पण बायकांनी तो गोल पाहिला आणि त्यांना वाटलं, आपल्यासाठी कोणीतरी भलं काम केलं. वाळू नाही, खडे नाहीत, चटचट तापणारं सपाट सिमेंट. दुसऱ्या दिवशी एच दिसेनासा झाला. वर जवळा पसरलेला होता.

पहिलं हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्या पंख्याच्या वाऱ्याने सगळा जवळा उडाला. पोहण्याच्या तलावात जवळा, लॉनवरच्या टेबलांवर जवळा, उतरलेल्या बाईंच्या केसांत जवळा. वसईतल्या होळी भागातल्या वाडीवरून आणलेली ताजी भाजी स्वयंपाकघराच्या ओट्यावर निवडत होते, तिच्यातही जवळा. बाईंनी परत जाताना बोट मागितली. मालक माझ्यावर ओरडले, बायकाही माझ्यावरच ओरडल्या. बेटावर कुणाचं काही बिघडलं की माझ्याच काउंटरवर येऊन आपटायचं, अशी पद्धत पडून गेली होती.

तोडगा मीच काढला. रिसेप्शनच्या दाराशी शोभेची पितळी घंटा टांगलेली होती. मी बायकांना म्हटलं, हेलिकॉप्टर यायच्या आधी मी घंटा वाजवीन, तुम्ही येऊन जवळा उचला आणि बाजूला उभ्या राहा. ते जमलं. घंटा वाजली की पूर्वेकडच्या घरांतून बायका धावत यायच्या, गोणपाटं गोळा करायच्या आणि कडेने रांगेत उभ्या राहायच्या. आता माणसं रांगेत उभी आहेत म्हटल्यावर मालकांना नवीन सुचलं. त्यांनी रिसॉर्टचे पांढरे टॉवेल वाटले. वर हेलिकॉप्टर दिसलं की सगळ्यांनी टॉवेल हलवायचे. मग हार आला, मग ओवाळणीचं ताट, मग नारळ, मग द्रोणात सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली केळी. हार घालायचं काम माझं. तीन-चार हंगामांत बेटाला याची इतकी सवय झाली, की घंटा वाजली आणि कुणी घरात राहिलं असं होईना. लग्नाला जावं तसे लोक चांगले कपडे करून यायचे. पाहुण्यांना ते फार आवडायचं. ते वरून फोटो काढायचे.

बाकी इतिहास किरकोळ आहे. बेटावरचा एक म्हातारा सांगायचा, की लढाईच्या काळात एक विमान खाडीच्या पाण्यावर उतरलं होतं. कधी म्हणायचा उतरलं, कधी म्हणायचा पडलं. त्यातल्या गोऱ्या माणसाला त्याच्या आईने बोंबलाचं कालवण जेवू घातलं, एवढं मात्र दर वेळी तेच. नंतर एका हिवाळ्यात जीपला दोरी बांधून माणूस हवेत उडवायचा खेळ आणला. पहिल्याच आठवड्यात एक धट्टेकट्टे व्यापारी सुरूच्या झाडात अडकले आणि त्यांना उतरवायला नारळ काढणारा बोलवावा लागला. तो खेळ बंद झाला. मला बरंच वाटलं, कारण त्याचीही पावती मीच फाडत होते.

आता त्या बाईबद्दल. ती रिसॉर्टच्या लाँड्रीत होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अंगाने काटक, बोलायला सरळ. घर पश्चिमेला, खडकांच्या बाजूला. नवऱ्याची लहान होडी होती, एक मुलगी शाळेत जायची. मी रोज ओल्या साडीने आले की ती मला लाँड्रीच्या दारात उभी करायची, खाली बसायची आणि अंगावरच्या साडीच्या काठांवर गरम इस्त्री फिरवून ते सुकवायची. “उबी रा गपचूप, बाय. भाजशील,” असं म्हणत. पाय शेकले जायचे. दिवसभरात मला कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच. मी तिच्या मुलीचे शाळेचे अर्ज भरून द्यायचे, पण ते काही त्याची परतफेड म्हणून नव्हे.

पावसाळ्याचे दोन महिने रिसॉर्ट बंद असायचं. पब्लिक तेव्हा चिंचोटीच्या धबधब्याला जातं, बेटावर कोण येतंय. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जायच्या आणि आमचंही दार उघडायचं. त्या वर्षी उघडून चार-सहा दिवस झाले होते. मालकांचा फोन आला, की आज दुपारच्या सुमारास एक मोठी पार्टी हेलिकॉप्टरने येतेय, मुलीच्या लग्नासाठी जागा बघायची आहे, स्वागतात काही कमी नको. मी ताट तयार केलं. हार पाण्याचा हबका मारून ठेवला. टॉवेल आणायला लाँड्रीत गेले तर ती आलेली नव्हती. मला वाटलं, घरी काही निघालं असेल. मीच टॉवेल मोजून बाहेर नेऊन दिले.

तिच्या घरी काय निघालं होतं ते मला नंतर कळलं. सकाळी तिचा नवरा आणि आणखी दोघे जाळी घेऊन गेले होते. परत येताना खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाट आडवी आली आणि होडी उलटली. वारा असा होता, की गावातली दुसरी होडी जवळ जाऊ शकेना. त्या होडीवरच्या माणसाने मोबाइलवरून बंदरावर कळवलं. पश्चिमेच्या खडकांवरून उलटी होडी दिसत होती आणि तिला धरलेली तीन डोकीही दिसत होती. तिकडे चार घरं. त्या चार घरांतली माणसं खडकांवर उभी होती. आमच्या बाजूला, सुरूच्या बनाच्या अलीकडे, कुणाला कशाचा पत्ता नव्हता.

बाराच्या आसपास आवाज आला. मी बाहेर आले आणि घंटा वाजवली. लोक आले, रांग झाली. हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे निघालं. आमचे पाहुणे नेहमी थेट गोलावर यायचे, आणि हे तर पुढेच चाललं होतं. मला वाटलं, पायलट नवा आहे, जागा चुकला. मालकही तोवर येऊन पोचले होते, माझ्या शेजारी हातवारे करत होते. मी घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन वाजवली. लोकांना मी ओरडून सांगितलं, हलवा, जोरात हलवा. दीड-दोनशे माणसं पांढरे टॉवेल हलवत होती. आणि ते वळलं. वळून ते आमच्याकडे आलं आणि अगदी एचवर उतरलं.

दार उघडून हेल्मेट घातलेला एक तरुण माणूस उडी मारून खाली आला. मी ताट दुसऱ्या बाईच्या हातात दिलं, पुढे झाले आणि त्याच्या गळ्यात हार घातला.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझे दोन्ही दंड धरले आणि तोंडापाशी तोंड आणून काहीतरी विचारू लागला. पंख्याच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी हसत होते. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप हसतं. मागे कुणीतरी नारळ वाढवला. तेवढ्यात सुरूच्या बनातून एक माणूस दोन्ही हात पश्चिमेकडे करत धावत आला आणि त्या तरुणाला बरोबर कळलं. त्याने हार काढून माझ्याच हातात दिला, फेकला नाही. तटरक्षक दलाचं ते हेलिकॉप्टर पश्चिमेकडे उडून गेलं.

यात किती वेळ गेला हे मला आजही सांगता येत नाही. लोक म्हणायचे पाचच मिनिटं. मला ती पाच वाटत नाहीत. दोघांना त्यांनी वर ओढून घेतलं. तिसरा तिथे नव्हता. तो दुसऱ्या दिवशी ओहोटीला मिळाला. तो तिचा नवरा.

मालकांच्या खऱ्या पाहुण्यांनी त्या दिवशी यायचं रद्द केलं होतं. वारा फार आहे म्हणून.

मी तिच्या घरी गेले. वाचलेल्या दोघांपैकी एक जण ओटीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. “आवाज आयला तवा तो बोलला, आयलं बग, धरून ऱ्हा. मंग ता परत फिरलं. तो बगतच ऱ्हायला. मंग काय बोललाच नाय.” लोक ऐकत होते आणि माना हलवत होते. कुणी म्हणे वाळूचा दांडा वाईट, कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे नशीब. हेलिकॉप्टर परत का फिरलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी टॉवेल हलवले होते. मी तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात धरला आणि मी तो तसाच राहू दिला. सांगायची वेळ तीच होती. पण माझी जीभ उचलली नाही. मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

महिन्याभराने ती कामावर आली. मी बोटीतून उतरून लाँड्रीच्या दारापाशी आले, तर ती खाली बसली आणि माझ्या काठांवर इस्त्री फिरवू लागली, पूर्वीसारखीच. मी म्हटलं, राहू दे गं. ती म्हणाली, “कनाला? ओली कवर फिरशील?” असं दोन वर्षं रोज चाललं. जेट्टी बांधून झाली तेव्हा साडी भिजायची बंद झाली आणि मी सुटले असं मला वाटलं, याची मला लाज वाटते. घरी नवऱ्याला एकदा सांगायला गेले होते. तो म्हणाला, तुला काय माहीत होतं, तू तुझं काम करत होतीस. हे खरंच होतं आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही. पुन्हा कुणाला सांगायचा उत्साह राहिला नाही.

मग मालकांना बोर्ड सुचला. कुठल्याशा परदेशी बेटावरच्या हॉटेलात त्यांच्या मित्राने पाहिला होता, तिथे विमानं कशी आली त्याचा इतिहास, जुने फोटो, काचेची फ्रेम. “आपल्याकडे पण आहे की हिस्टरी,” ते म्हणाले. “मॅडम, तुमचं मराठी चांगलंय. लिहा.” मी लिहिलं. लढाईतलं विमान, म्हातारा जसं सांगायचा तसं. सिमेंटचा गोल. जवळ्याची गंमत. झाडातले व्यापारी. आणि शेवटी त्या दिवसाचं. तिथे माझं पेन अडलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी मालकांना कागद दाखवला तेव्हा त्यावर एवढंच होतं, की वादळी हवेत शोधासाठी आलेलं हेलिकॉप्टर आपल्या हेलिपॅडवर उतरलं आणि दोन मच्छीमारांचे प्राण वाचले. मालक खूश झाले. “असंच पॉझिटिव्ह पाहिजे,” म्हणाले. एकही शब्द खोटा नव्हता.

बोर्ड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते. दुपारी ती रिसेप्शनवर आली. हात पुसत पुसत बोर्डासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

“तू लिवलंस ना ह्या?” तिने विचारलं. “वाचून दाखव मना.”

मी काउंटरच्या बाहेर आले. तिच्याशेजारी उभी राहून वाचायला लागले. लढाईतल्या विमानाला ती हसली, म्हाताऱ्याच्या आईला ती ओळखत होती. जवळ्यालाही हसली. मग शेवटचा परिच्छेद आला. मी वाचलं, हेलिकॉप्टर उतरलं. मी वाचलं, दोघांचे प्राण वाचले. तिथे लिहिलेलं संपलं. माझे डोळे बोर्डवरच होते आणि मी न थांबता पुढे वाचत गेले, जसं काही ते तिथे लिहिलेलंच आहे: “हेलिकॉप्टर बुडणाऱ्यांकडे निघालं होतं. रिसेप्शनवरच्या बाईने पाहुणे समजून घंटा वाजवली, लोकांना टॉवेल हलवायला लावले आणि त्याला परत फिरवलं. तिसरा माणूस त्यामुळे गेला.”

तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

तिने बोर्डाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “ता तिथं लिवलेलं नाय.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“पोरीनं सकालीच वाचून दाखवलं मना. साळंत जायच्या आदी आनली व्हती तिला.” तिचा आवाज नेहमीचाच होता. “घंटा खडकापरत ऐकू येते, बाय. मी पदर हलवत व्हते तिथं. ता माज्याकडंच येत व्हतं. मंग घंटा वाजली आनी ता फिरलं. मना तवाच कललं कोन वाजवतं ता.”

“मग दोन वर्षं बोलली का नाहीस?” माझ्या तोंडून निघालं. विचारायचा हक्क मला नव्हता.

“मी कनाला बोलू?” ती म्हणाली. “रोज तुज्या पायाशी बसत व्हते मी. मना वाटं, आज तू बोलशील.”